पाळण्याआधीचा मशवरा

आमच्या कोकणातल्या घरांत बाळंतपणाच्या बातम्यांना एक व्याकरण असतं. सुनेला दिवस गेले की घरभर सांगतात, "आमच्याकडे पाळणा हलणार आहे." मुलगा झाला की, "आम्हाला नातू झाला." इथवर सगळं बहुवचनात. पण लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की वाक्य बदलतं, "तिला होत नाही." तिसरी मुलगी झाली की, "तिला मुलीच होतात." दोन मुलांत अंतर राहिलं नाही तर, "तिला कळायला नको?" आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत हे व्याकरण सारखंच आहे. आनंद सगळ्या घराचा, अडचण मात्र एकवचनी आणि स्त्रीलिंगी.

मूल कधी व्हावं, किती व्हावीत, दोन मुलांत किती अंतर असावं, हे ठरवताना नवरा-बायकोत इन्साफ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या आवाजात विचारला जात नाही. लाज आड येते. पण लाज राखायची म्हणून हक बुडवायचा, असं आपल्या दीनने कुठेच सांगितलेलं नाही. म्हणून आज हा विषय या मासिकातून, घरात सगळ्यांनी वाचावा अशा भाषेत मांडतो आहोत.

आमची शाळा खाडीकाठच्या गावात आहे. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील कुवेत, कतर, दुबई, सौदीत. दोन वर्षांनी सुट्टी, तीही दीड-दोन महिन्यांची. त्यामुळे पालकसभा म्हणजे खरंतर आयांची सभा. सभा संपली, खुर्च्या रिकाम्या झाल्या की एखादी मागे रेंगाळते. "आपा, एक विचारू का?" मग मुलाच्या अभ्यासाचं काहीच विचारत नाही.

अशाच एका सभेनंतर एक आई थांबली होती. दोन मुलं, दोन्ही सिझरची. धाकटं चौदा महिन्यांचं. नवरा पुढच्या महिन्यात सुट्टीवर यायचा होता. सासूबाईंचं म्हणणं, "या खेपेला आणखी एक होऊन जाऊ दे, मग दोन वर्षं तो कुठला यायला!" डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं की टाके अजून कच्चे आहेत, इतक्यात नको. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत. त्या मुलीला गोळीचं किंवा तांबीचं नाव नको होतं. ते सगळं आशाताईंनी तिला सांगून झालं होतं. तिचा प्रश्न वेगळाच होता. "आपा, मी 'आता नको' म्हटलं तर गुनाह होईल का?"

आम्ही आलिमा नाही. फतवा देणं आमचं काम नव्हे. पण तर्जुमा वाचता येतो, आणि जे वाचलं ते तिच्यापुढे ठेवता आलं. तेच इथे ठेवतो.

सूरह बकराची २३३ वी आयत बाळाच्या दुधाविषयी आहे. आईने पूर्ण दोन वर्षं दूध पाजावं, तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर, कुणावरही ताकदीबाहेर ओझं नको, मुलापायी आईचं नुकसान होऊ नये आणि बापाचंही होऊ नये, असा तिचा आशय आहे. पुढे दूध तोडण्याची गोष्ट येते. दोन वर्षांच्या आत दूध तोडायचं असेल तर ते दोघांच्या राजीखुशीने आणि दोघांच्या मशवऱ्याने. म्हणजे दोन गोष्टी हव्यात. नुसती मान डोलावणं पुरेसं नाही, आणि नुसती चर्चा करून शेवटी एकाचंच खरं करणंही पुरेसं नाही.

आता विचार करा. मूल जन्माला आलेलं आहे, मांडीवर आहे, फक्त त्याचं दूध तोडायचं आहे. एवढ्या गोष्टीसाठी अल्लाहने दोघांची रजामंदी मागितली. मग जे मूल अजून यायचं आहे, जे नऊ महिने एकीच्या पोटात वाढणार आहे, त्याच्याविषयी एकीला न विचारता ठरवणं कोणत्या हिशेबात बसतं? सूरह तलाकमध्ये तर तलाक होऊन वेगळे झालेल्या आईबापांनाही बाळाच्या दुधाविषयी आपसात भलेपणाने ठरवायला सांगितलं आहे, आणि दूध पाजण्याचा मोबदला आईला द्यायला सांगितला आहे. तुटलेल्या नात्यात जो मशवरा फर्मावला, तो टिकलेल्या नात्यात नको, असं कसं म्हणता येईल?

दुसरी गोष्ट अझ्लची. गर्भ राहू नये म्हणून संबंधाच्या वेळी पुरुषाने जी काळजी घ्यायची, तिला अझ्ल म्हणतात. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. कुरआन उतरत होता त्या काळात सहाबा अझ्ल करत असत, असं ते सांगतात. पुढे फकीहांनी यावर बारीक चर्चा केली. हनफी, मालिकी आणि हम्बली फिकहात पत्नीच्या संमतीची अट आली, कारण अपत्यावर तिचाही हक आहे. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई. आपल्या मजहबात या अटीविषयी मतभेद आहेत. पण इमाम गझाली शाफईच होते, आणि 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये त्यांनी बाळंतपणात पत्नीच्या जिवाला असलेला धोका आणि जास्त मुलांमुळे होणारी ओढाताण, या कारणांसाठी अझ्ल जायज धरला. मुलगी होईल या भीतीने केलेला मात्र वाईट ठरवला. हे गृहस्थ ११११ साली वारले. नऊशे वर्षांपूर्वी आपले इमाम बायकोच्या जिवाचा विचार लिहून ठेवत होते आणि आज आपण तिला "गुनाह होईल" म्हणून गप्प बसवतो.

यातली एक बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आपल्या दीनी ग्रंथांत मूल न होऊ देण्याच्या ज्या उपायाची सर्वांत जास्त चर्चा झाली, तो पुरुषाने करायचा होता. काळजी पुरुषाने घ्यायची आणि विचारायचं बायकोला. आज चित्र उलटं आहे. काळजी बायकोने घ्यायची आणि विचारायचं नवऱ्याला, किंवा नवऱ्याच्या आईला.

आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्यांची नसबंदी झाली होती अशा होत्या ०.३ टक्के. निरोध वापरणारी जोडपी ९.५ टक्के. याच पाहणीत पुरुषांना विचारलं होतं की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे का. सुमारे ३५ टक्के पुरुष हो म्हणाले. म्हणजे शंभरातल्या साठाहून अधिक पुरुषांनी तसं म्हटलेलं नाही. तोंडाने म्हटलं नाही, पण दवाखान्यात गेली ती बायकोच.

आपल्या समाजाविषयी बाहेर पुष्कळ बोललं जातं, म्हणून हाही आकडा माहीत असू द्या. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. पाचव्या पाहणीत ती २.३६ वर आली. मुलं किती हवीत याचा विचार आपली घरं करू लागली आहेत, हे यावरून उघड आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे ठरवण्याची किंमत कोणाच्या अंगाने मोजली?

स्त्रीच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं किंवा पोटात दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. त्यानंतर तीन महिने दुसरी काळजी घेऊन एकदा तपासणी करून घ्यायची, एवढंच पथ्य. मर्दानगी कमी होत नाही. तरीही 'नसबंदी' शब्द ऐकला की आपले लोक दचकतात, आणि त्याला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यात सक्ती झाली, गरिबांना धरून नेलं, मुस्लिम वस्त्यांत दहशत बसली. ती भीती खोटी नव्हती. पण पन्नास वर्षांपूर्वी सरकारने पुरुषांवर केलेल्या जुलमाचं ओझं आजवर बायकांनी पोटावरच्या टाक्यांनी का वाहावं?

कुणी म्हणेल, कायमचं ऑपरेशन आपल्या दीनमध्ये जायज नाही. बरोबर आहे. वैद्यकीय गरज नसताना कायमची नसबंदी करू नये, असंच बहुतेक उलमा सांगतात. पण हा हुकूम पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच लागू आहे. आम्ही पाहतो ते असं की नवऱ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की घराला मसला आठवतो, आणि बायकोला तिसऱ्या सिझरच्या टेबलावर "आता हेही उरकून टाका" म्हणताना कुणालाच आठवत नाही. मसला पाळायचा तर दोघांसाठी पाळा. मग तात्पुरते उपाय आहेतच. निरोध आहे, तांबी आहे, रोजची गोळी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळी आहे. सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत मिळतं. यातला पुरुषाने वापरायचा उपाय एकच, आणि बाईच्या शरीराला सर्वांत कमी त्रास त्याचाच.

मूल होऊ न देण्याचं झालं, आता मूल न होण्याचं. इथे बेइन्साफी अधिक कडू होते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगत आहे. पुरुषाची पहिली तपासणी अगदी सोपी, ना सुई, ना भूल. बाईच्या तपासण्या लांबलचक. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, मग दुर्बीण. साधी अक्कल सांगते की सोपी तपासणी आधी करावी. पण आमच्या ओळखीत अशी घरं आहेत, जिथे बायकोने चार वर्षं औषधं घेतली, तावीज बांधले, दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या, दुसऱ्या निकाहचे टोमणे ऐकले, आणि नवऱ्याची तपासणी पाचव्या वर्षी झाली. त्या चार वर्षांचा हिशेब कोण देणार?

सूरह मरियममध्ये हजरत जकरिया (अ.) यांची दुआ आहे. ते अल्लाहकडे औलाद मागतात. तिथे ते आधी आपली हाडं खिळखिळी झाल्याचं, आपले केस पांढरे झाल्याचं सांगतात आणि पत्नीच्या वांझपणाचा उल्लेख नंतर करतात. एका पैगंबराने आपली कमजोरी आधी कबूल केली. आपल्या तरुणांना दवाखान्यात एक बाटली हातात घ्यायला कसली लाज?

मुलगा-मुलीचंही तेच. आईकडून येणारं गुणसूत्र नेहमी एक्सच असतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. हे आमच्या शाळेतली दहावीची मुलं परीक्षेत लिहून गुण मिळवतात आणि घरी जाऊन "अम्मीला मुलीच होतात" हे ऐकतात. मुलीच्या जन्माची बातमी ऐकून तोंड काळं करणाऱ्या बापाला सूरह नहलमध्ये अल्लाहने फटकारलं आहे. सूरह शूरामध्ये तो सांगतो की मुली तो देतो, मुलगे तो देतो, हवं त्याला दोन्ही देतो आणि हवं त्याला काहीच देत नाही. तिथेही मुलींचं नाव आधी आलं आहे. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण आपल्याला कायद्याआधी ही आयत पुरे व्हायला हवी.

कायद्याचं आणखी थोडं. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते, नवऱ्याच्या सहीची अट नाही. ऑपरेशनसाठीही सरकारी नियमांत जोडीदाराची सही बंधनकारक नाही, ना तिच्यासाठी, ना त्याच्यासाठी. कागदावर असं असलं तरी "नवऱ्याला घेऊन या" असं बायकांना ऐकावं लागतं. गर्भपाताबाबत आपला फिकह सावध आहे. १२० दिवसांनंतर आईचा जीव वाचवण्याखेरीज परवानगी नाही यावर जवळपास एकमत आहे, त्याआधीच्या काळाविषयी मतभेद आहेत. म्हणून अशी वेळ आली तर चांगल्या डॉक्टरला आणि जाणत्या आलिमला, दोघांनाही विचारावं. पण आम्ही म्हणतो, ही वेळ बहुधा तिथेच येते जिथे आधीचा मशवरा झालेला नसतो.

इन्साफ म्हणजे पुरुषांवर फिर्याद नव्हे. आमच्या गावातला बाप दोन वर्षं वाळवंटात राबतो, मूल त्याला व्हिडिओ कॉलवर ओळखतं आणि समोर आल्यावर रडतं. पुष्कळदा पुढच्या मुलाचा निर्णय त्यालाही विचारलेला नसतो, तो त्याच्या आईने घेतलेला असतो. बायको भीतीपोटी लपून गोळ्या घेते, तेव्हा त्याचाही विश्वास तुटतो. नोकरदार आईला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचारी बापाला १५ दिवसांची आहे आणि बहुतेक खासगी नोकऱ्यांत बापाला कायद्याने काहीच नाही. बाळंतिणीच्या खोलीत तो डोकावला तर बायकाच हसतात. म्हणजे बाप होण्याचा त्याचा हकही आपण नीट देत नाही.

तरीही दोघांचा वाटा सारखा आहे असं म्हणून सुटता येत नाही. सूरह अहकाफमध्ये आईने कष्टाने मूल पोटात वाढवल्याचं, कष्टाने जन्म दिल्याचं आणि गर्भ ते दूध तोडणं हे तीस महिन्यांचं असल्याचं सांगितलं आहे. त्या तीस महिन्यांतला बराच भार दुसऱ्याला उचलून देता येत नाही. म्हणून आम्हाला इन्साफ असा दिसतो. इच्छा दोघांची सारख्या मोलाची. नवऱ्याला आणखी एक मूल हवं असेल तर ते सांगण्याचा त्याला पूर्ण हक आहे. पण ओझं जिच्या अंगावर पडणार, तिच्या 'नको'ला जास्त वजन. तिचं शरीर थकलं आहे हे तिच्याशिवाय कुणाला कळणार? आणि जे ओझं वाटून घेता येतं, म्हणजे तपासणी, काळजी, औषधपाणी, रात्रीचं जागरण, ते पुरुषाने मागितल्याशिवाय उचलावं.

त्या दोन सिझरवाल्या मुलीला आम्ही एवढंच म्हटलं, की डॉक्टरांचा कागद नवऱ्याला पाठव आणि सासूबाईंच्या आधी त्याच्याशी बोल. तिने कागदाचा फोटो पाठवला. तो सुट्टीवर आला तेव्हा दोघं मिळून दवाखान्यात गेली. आईला समजावण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. सासूबाई महिनाभर रुसल्या, मग नातवाला घेऊन बसू लागल्या. यात कुणाची हारजीत झाली नाही.

आमच्याकडे लग्न ठरवताना मेहरवर तासभर बोलणी होतात, दागिन्यांवर दोन तास, जेवणावळीवर दोन दिवस. मुलांविषयी एक शब्द होत नाही. निकाहआधी, वडीलधाऱ्यांच्या परवानगीने का होईना, मुला-मुलीने चार प्रश्न एकमेकांना विचारावेत. पहिलं मूल कधी व्हावंसं वाटतं? दोन मुलांत किती अंतर? तोवर काळजी कोण घेणार? आणि मूल झालं नाही तर तपासणीला दोघं बरोबर जाणार ना? ज्यांचे निकाह होऊन गेले त्यांनी आज रात्री विचारावेत. आणि ज्या आयांना मुलगे आहेत त्यांनी हा लेख मुलींपुरता न ठेवता त्यांच्याही हातात द्यावा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. "घरी वाचा" म्हणून तो पुष्कळ वर्गांत उरकला जातो. घरी कुणीच वाचत नाही, आणि मग मुलगा जे शिकतो ते गल्लीत शिकतो.

सूरह फुरकानच्या शेवटाकडे एक दुआ आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ती पाठ असते. तिच्यात अल्लाहकडे जोडीदार आणि संतती अशी मागितली आहेत की ज्यांना पाहून डोळ्यांना थंडावा मिळावा. नमाजनंतर ती मागताना एकदा शब्दांच्या क्रमाकडे लक्ष द्या. जोडीदार आधी येतो, संतती नंतर.